लांब पल्ल्याच्या शिडाच्या प्रवासातील शिधा : वाळवण, आगोट आणि समुद्रावरची दमट हवा

शीडवाला

गोव्याहून शिडाच्या नौकेने निघून ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे फ्रीमँटल गाठायला साधारण चाळीस दिवस लागतात. नौदलाच्या ‘तारिणी’ने १० सप्टेंबर २०१७ रोजी गोवा सोडले आणि २३ ऑक्टोबरला ती फ्रीमँटलला पोहोचली. २०२४ मध्ये दोन महिला अधिकाऱ्यांनी हीच नौका २ ऑक्टोबरला बाहेर काढली आणि ९ नोव्हेंबरला तिथे नेली. या मार्गावर आधी विषुववृत्ताजवळचा पडलेला वारा, उकाडा आणि पावसाच्या सरी लागतात, मग आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे, आणि शेवटी बऱ्यापैकी थंडी. लहान नौकेवर शीतकपाटाला लागणारी वीज सौर पट्ट्यांतून किंवा इंजिनातून मिळवावी लागते, त्यामुळे शीतकपाट बंद पडले तरी अन्न टिकले पाहिजे, असे धरूनच शिधा भरावा लागतो. ही चर्चा याच टप्प्याचे उदाहरण समोर ठेवून व्हावी, अशी माझी इच्छा आहे.

चार माणसे आणि चाळीस दिवस धरले, तर वारा न मिळाल्यास हाताशी असावेत म्हणून आणखी वीस दिवसांचा शिधा घेणे शहाणपणाचे आहे. माणशी दररोज सुमारे साडेचारशे ग्रॅम कोरडे धान्य, पीठ आणि डाळ धरल्यास हा साठा शंभर किलोच्या पुढे जातो. पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी माणशी तीन लिटर धरले, तर पाणी सातशे लिटरच्या वर होते. वजन आणि जागा यांचा हिशोब त्यामुळे आधी मांडावा लागतो, आणि जड वस्तू नौकेच्या मध्याजवळ व शक्य तितक्या खाली ठेवाव्या लागतात.

माझा मुख्य मुद्दा मात्र वेगळा आहे. आपल्याकडे ‘टिकाऊ पदार्थ’ म्हटले की पापड, कुरडया, सांडगे आणि भरल्या मिरच्या आठवतात. हे पदार्थ चैत्र-वैशाखातील कोरड्या उन्हाच्या भरवशावर तयार होतात आणि पुढेही बऱ्यापैकी कोरड्या घरात राहतात. समुद्रावर हवेतील सापेक्ष आर्द्रता बहुतेक वेळा ७५ टक्क्यांच्या वर असते. शुद्ध मीठदेखील साधारण ७५ टक्क्यांच्या पुढे हवेतले पाणी ओढून विरघळू लागते, आणि समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असल्यामुळे ते त्याहूनही कमी आर्द्रतेला ओलावते. म्हणून एकदा खारा तुषार बसलेले कापड, पोते किंवा लाकूड गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय पुरते कोरडे होतच नाही. कोरडा पदार्थ अशा हवेत उघडा राहिला की तिच्याशी समतोल साधेपर्यंत पाणी शोषत जातो, आणि ठराविक मर्यादेपुढे त्यावर बुरशी धरते.

म्हणून माझे मत असे की, लांब प्रवासात पदार्थ कोणता घेतला यापेक्षा तो कसा बांधला याला अधिक महत्त्व आहे. निघण्यापूर्वी सर्व कोरडा शिधा कडक उन्हात किंवा मंद भट्टीत पुन्हा तापवावा आणि पूर्ण थंड झाल्यावरच भरावा, कारण गरम पदार्थ बंद केला की त्याचीच वाफ आत पाण्याच्या रूपाने जमते. एक किंवा दोन वेळच्या स्वयंपाकाला पुरेल एवढेच प्रमाण जाड पिशवीत हवाबंद करावे आणि अशा पिशव्या रबरी कडीच्या झाकणाच्या डब्यांत ठेवाव्यात. वीस किलोचे एकच पिंप घेतले, तर प्रत्येक वेळी झाकण उघडताना दमट हवा आत जाते, आणि महिनाभरात तळाशी उरलेल्या पिठाची ढेकळे होतात. पुठ्ठ्याची खोकी तर नौकेवर चढवूच नयेत. ती ओल धरतात आणि त्यांच्या घड्यांत झुरळांची अंडी येतात. पत्र्याच्या डब्यांवरचे कागद तळाच्या ओलीत सुटतात, म्हणून ते आधीच काढून झाकणावर न पुसणाऱ्या शाईने नाव लिहावे आणि गंज लागू नये म्हणून डब्याला वार्निशचा पातळ हात द्यावा.

या मांडणीत काय सुटले आहे, ते जाणकारांनी सांगावे.

अलिबागकर

धागा मनापासून आवडला, परंतु मुख्य मुद्द्याशी मी सहमत नाही. वाळवणे कोरड्या हवेतच टिकतात हे देशावरच्या घरांपुरते खरे आहे. किनाऱ्यावर आम्ही जी आगोटीची बेगमी करतो ती मुळात पावसाच्या चार महिन्यांसाठी असते, आणि त्या काळात आमच्याकडची हवा समुद्रावरच्या हवेपेक्षा कोरडी नसते. दमट हवेत अन्न कसे टिकवावे याचा अनुभव आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. फक्त त्यासाठी पापडाकडे न पाहता मीठ, आंबटपणा आणि धूर या तिघांकडे पाहावे लागेल.

मिठाच्या पाण्यातल्या कैऱ्या, खारवलेले आवळे, फणसाचे खारातले गरे, आमसुले, मीठ घालून वळलेले चिंचेचे गोळे या पदार्थांना हवेतल्या ओलीचे भय फारसे नाही, कारण त्यांतील पाणी मिठाने किंवा आम्लाने आधीच बांधलेले असते. ओलावलेला पापड वाया जातो. आमसूल ओलावले, तर थोडे मऊ पडते आणि सोलकढीला तितकेच चालते.

सुक्या मासळीचे तसेच आहे, परंतु तिथे निवड जपून करावी. वलांडीवर, म्हणजे आडव्या दांड्यांवर टांगून, वाळवलेले बोंबील, सोडे आणि जवळा यांत चरबी कमी असते, म्हणून ते नीट बांधले तर टिकतात. बांगडा आणि तारली यांत तेल पुष्कळ असते. हवेतील प्राणवायूने त्या तेलाला खवटपणा येतो आणि मिठाने तो थांबत नाही. सुकी मासळी दर पंधरवड्याने, ऊन पडेल त्या दिवशी, पुन्हा उन्हाला दाखवावी. नौकेवर हे शक्य आहे, मात्र तुषार उडत नसेल तेव्हाच.

लांब प्रवासासाठी मासळी टिकवण्याची सर्वांत पक्की रीत मला लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटाची आणि शेजारच्या मालदीवची वाटते. तिथे कुपा (ट्यूना) माशाच्या लांब फाळी खाऱ्या पाण्यात शिजवतात, नंतर धुरावर धरतात आणि शेवटी उन्हात लाकडासारख्या कडक होईपर्यंत वाळवतात. शिजवण्याने जंतू मरतात आणि मासळीतली किण्वके (एन्झाइम) निकामी होतात, धुराने पृष्ठभागाला संरक्षण मिळते आणि वाळवण्याने पाणी जाते. एकाच तुकड्यावर तीन उपाय झालेले असतात. चौदाव्या शतकात मालदीवमध्ये राहिलेल्या इब्न बतुता या मोरोक्कन प्रवाशाने ही मासळी हिंदुस्थान, चीन आणि येमेनला जात असल्याचे नोंदवले आहे. शिडाच्या जहाजांतून एवढ्या लांब जाऊन विकली जाणारी मासळी टिकण्याच्या कसोटीला उतरलेलीच असणार. तिचा किस करून नारळाबरोबर भातावर घेतला, तर वेगळे कालवण करावे लागत नाही.

नवशिका

माझा प्रश्न कदाचित प्राथमिक असेल. ताजी भाजी, फळे आणि अंडी यांचे शीतकपाटाशिवाय काय करायचे? ती पहिल्या आठवड्यातच संपवून टाकायची, असाच प्रघात आहे का?

शीडवाला

अलिबागकर, आपला आक्षेप मला मान्य आहे. मी सगळ्या साठवणीला एकच नियम लावत होतो. मीठ आणि आंबट यांत मुरलेल्या पदार्थांची बांधणी वेगळी आणि कोरड्या पदार्थांची वेगळी, असा भेद करायला हवा होता. मात्र आपल्या घरी चुलीवरच्या माळ्याला दररोज ऊब आणि धूर मिळतो. नौकेवर तसा कोरडा कोपरा नसतो, त्यामुळे पीठ, रवा, पोहे आणि सुकी मासळी यांच्यासाठी मी लहान हवाबंद पुड्यांवरच ठाम आहे.

नवशिका, प्रश्न प्राथमिक अजिबात नाही. ताजे अन्न योग्य निवडले आणि दररोज डोळ्यांखालून घातले, तर त्यातील पुष्कळसे महिनाभर किंवा त्याहूनही अधिक काळ पुरते. कांदा घेताना तो खरिपाचा लाल नसावा, रब्बीचा उन्हाळ कांदा असावा. चाळीत महिनोन्‌महिने राहण्याची त्याची जातच असते, आणि सप्टेंबरात निघणाऱ्याला तो चाळीतून निवडून घेता येतो. बटाटा अंधारात आणि हवेशीर जागी ठेवावा. उजेडात तो हिरवा पडतो आणि त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढते. कांदा आणि बटाटा एकमेकांजवळ ठेवू नयेत. पिकलेली केळी, सफरचंदे आणि टोमॅटो यांतून निघणारा इथिलीन वायू शेजारच्या फळभाज्या लवकर पिकवतो, म्हणून त्यांनाही वेगळे जाळे टांगावे.

लाल भोपळा आणि कोहळा यांचे महत्त्व आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको. न कापलेले, देठासह काढलेले आणि कुठेही खरचटलेले नाही असे फळ कित्येक महिने राहते. ते घरंगळून आपटणार नाही एवढीच काळजी घ्यावी, कारण मार लागलेल्या जागीच ते नासायला लागते. सुरण, आले आणि असोला नारळ यांचाही असाच विचार करावा. असोल्या नारळाच्या सोडणामुळे नौकेच्या हेलकाव्यांत तो फुटत नाही, फक्त जागा जास्त खातो. कोबीचा गड्डा आडवा कापू नये, बाहेरून एकेक पान काढत जावे. पालेभाजी मात्र निघाल्यापासून दोन-तीन दिवसांत खाऊन टाकावी, तिच्यासाठी धडपड करण्यात अर्थ नाही.

अंडी ताजी, न धुतलेली आणि कधीही शीतकपाटात न ठेवलेली घ्यावीत. धुतल्याने कवचावरचे नैसर्गिक आवरण जाते, आणि थंड अंडे उबदार दमट हवेत आले की त्यावर दव जमून जंतू कवचाच्या छिद्रांतून आत शिरू शकतात. कवचावर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवला, तर ही छिद्रे बुजतात आणि अंडे कित्येक आठवडे खाण्याजोगे राहते. बलक एका बाजूला चिकटू नये म्हणून दर दोन-तीन दिवसांनी अंडी उलटावीत. प्रत्येक अंडे आधी वाटीत वेगळे फोडून वास घ्यावा, मगच पातेल्यात टाकावे.

अन्नतंत्रज्ञ

चर्चा चांगली चालली आहे, म्हणून काही धोक्यांची गोष्ट वेळीच मांडतो. टिकलेले अन्न दोन प्रकारे दगा देते. बुरशी, आंबूस वास, फुगलेला डबा या खुणा दिसतात आणि माणूस सावध होतो. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे विष मात्र रंग, वास किंवा चव न बदलताही अन्नात असू शकते, आणि किनाऱ्यापासून हजार मैलांवर त्यावर उपचार मिळणे अशक्यप्राय आहे.

हा जंतू हवा नसलेल्या, ओलसर आणि कमी आंबट अन्नात वाढतो. सामू (pH, म्हणजे आंबटपणाचे माप; आंबट जास्त तितका सामू कमी) ४.६ च्या खाली असेल, तर त्याची वाढ होत नाही. म्हणून लिंबाचे किंवा कैरीचे खारट-आंबट लोणचे सुरक्षित असते. परंतु घरी शिजवलेली उसळ, मटणाचा रस्सा किंवा नुसत्या तेलात बुडवलेला सोललेला लसूण काचेच्या बरणीत बंद करून सामान्य तापमानाला महिनाभर ठेवणे धोक्याचे आहे. उकळत्या पाण्यात बरणी ठेवल्याने या जंतूची बीजे मरत नाहीत. त्यासाठी दाबाखाली सुमारे १२१ अंश सेल्सिअस तापमान डब्याच्या अगदी मध्यापर्यंत पोहोचावे लागते आणि ठराविक वेळ टिकावे लागते. आपला घरगुती कुकर जवळपास तेवढा तापतो. परंतु बरणीतल्या घट्ट आमटीच्या मध्यभागी ती उष्णता केव्हा पोहोचली हे मोजण्याचे साधन घरात नसते, म्हणून हा प्रयोग प्रवासासाठी करू नये.

अशा शिजवलेल्या अन्नासाठी कारखान्यात निर्जंतुक केलेली बहुपदरी पाकिटे वापरावीत. म्हैसूरची संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळा १९६१ पासून सैन्यदलांसाठी याच क्षेत्रात काम करते आहे, आणि अशी तयार भाजी-भाताची पाकिटे आता बाजारातही सहज मिळतात. वादळात चूल पेटवता येत नाही, तेव्हा ती थंडच खाता येतात. मात्र त्यांत पाणी असल्यामुळे ती जड असतात, म्हणून सगळा शिधा त्यांचाच करणे परवडणार नाही.

आता कोरड्या शिध्याबद्दल. बाजरीचे पीठ नेऊ नये. दळल्यावर त्यातील चरबीवर किण्वकांची क्रिया सुरू होते आणि ते थोड्याच दिवसांत कडू होते. याउलट थालीपिठाची भाजणी पुष्कळ टिकते, कारण धान्य भाजताना ही किण्वके निकामी होतात आणि पाणीही जाते. मेतकूट आणि सातूचे पीठ यांनाही तेच लागू पडते. शेंगदाण्याचे कूट करून नेऊ नये, दाणे अखंड न्यावेत. तांदूळ, रवा आणि डाळी यांत किडीची अंडी घरूनच येतात, बाहेरून नंतर शिरतात असे नाही. निघण्यापूर्वी ते उणे १८ अंशाच्या शीतपेटीत आठवडाभर ठेवावेत आणि बंद पिशवीतच पुन्हा सामान्य तापमानाला आणावेत. तूरडाळीला एरंडेलाचा हात लावणे ही आपली जुनी रीतही उपयोगी आहे.

पाणवठा

पाण्याबद्दल थोडे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. अंडी कवचासह आणि बटाटे सालीसह उकडायला ते खुशाल वापरावे, अर्थात बंदराबाहेर खोल समुद्रात घेतलेले. भातात मात्र सगळे पाणी मुरते, हे लक्षात ठेवावे. दोनशे ग्रॅम तांदळाच्या चारशे मिलिलिटर पाण्यात चौथा हिस्सा खारे पाणी घातले, तर साडेतीन ग्रॅम क्षार भातात जातात. वर लोणचे आणि सुकी मासळी असेल, तर हे फार झाले. दहावा हिस्सा पुरे.

गोडे पाणी एकाच टाकीत कधीही ठेवू नये. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये मुंबईत बांधलेल्या ‘सुहैली’ या सागवानी नौकेतून एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. तिच्या टाक्यांतील पाणी वाटेत दूषित झाले आणि त्यांना पावसाच्या पाण्यावर पुढचा प्रवास करावा लागला. निम्मे पाणी टाक्यांत आणि निम्मे वेगवेगळ्या कॅनमध्ये असावे. पावसाचे पाणी धरताना पहिली सर शिडावरचे मीठ धुऊन जाण्यासाठी सोडून द्यावी.

वैद्यकन्या

या धाग्यात क जीवनसत्त्वाचा उल्लेख अजून आला नाही, म्हणून लिहिते. ते अजिबात न मिळाल्यास एक ते तीन महिन्यांत स्कर्व्हीची लक्षणे दिसू लागतात. वास्को द गामाची जहाजे १४९८ च्या ऑक्टोबरात हिंदुस्थानचा किनारा सोडून आफ्रिकेकडे परत निघाली, तेव्हा उलट्या वाऱ्यांमुळे अरबी समुद्र ओलांडायला जवळजवळ तीन महिने लागले आणि त्या एका टप्प्यात सुमारे तीस माणसे या विकाराने मेली. ज्या किनाऱ्यावरून ती निघाली तिथे लिंबू, आवळा, चिंच यांपैकी कशाचाही तुटवडा नव्हता, हे वाचताना मला नेहमी फार वाईट वाटते.

ब्रिटिश आरमारातील शल्यवैद्य जेम्स लिंड यांनी १७४७ मध्ये ‘सॅलिसबरी’ जहाजावरील बारा रुग्णांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला आणि संत्री-लिंबू मिळालेली जोडी सर्वांत लवकर बरी झाली. तरीही ब्रिटिश आरमारात लिंबाचा रस नियमाने मिळू लागायला १७९५ साल उजाडले. लिंड यांनीच पुढे रस आटवून टिकवण्याची रीत सुचवली होती, आणि त्या तापवण्यातच जीवनसत्त्वाचा मोठा भाग नष्ट होत असे. आपणही हे ध्यानात ठेवावे. साखरेत शिजवलेला मोरावळा चवीला उत्तम असतो, पण मिठातला कच्चा आवळा आणि अखंड लिंबू यांवर अधिक भरवसा ठेवावा. लिंबू कोरडे पुसून एकेक कागदात गुंडाळावे, म्हणजे एक नासले तरी शेजारचे वाचते.

मोड आलेली कडधान्ये हा दुसरा आधार आहे. कोरड्या मुगात क जीवनसत्त्व जवळजवळ नसते, मोड येताना ते तयार होते. मूठभर मूग, थोडे गोडे पाणी आणि ओले फडके एवढ्यावर दोन दिवसांत ताजी भाजी मिळते. तथापि मोड येण्याची ऊब आणि ओल जंतूंनाही मानवते, म्हणून ते कच्चे न खाता वाफ देऊन खावेत. थोडे जीवनसत्त्व जाईल, परंतु समुद्रावर अतिसार होणे त्याहून वाईट. दिवसाला दहा मिलिग्रॅम क जीवनसत्त्वही स्कर्व्ही टाळायला पुरते. चाळीस दिवसांच्या प्रवासात याची फारशी चिंता नको, पण तोच शिधा पुढे न थांबता चालू ठेवणाऱ्यांसाठी हा प्रश्न खरा आहे. कमांडर अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबईहून ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले आणि कोणत्याही बंदरात न थांबता ३१ मार्च २०१३ ला परतले. एवढ्या काळासाठी जीवनसत्त्वाच्या गोळ्याही हव्यातच.

पर्थवासी

मी फ्रीमँटलच्या जवळच राहतो, त्यामुळे शेवटच्या आठवड्याबद्दल लिहितो. ऑस्ट्रेलियात उतरताना नौकेवरच्या अन्नाची तपासणी फार कडक असते. ताजी फळे, भाज्या, अंडी, मांस, मध आणि पेरल्यास उगवू शकतील अशी अखंड कडधान्ये यांतले काय ठेवून घेतील आणि काय नेऊन नष्ट करतील, हे अधिकारी पाहून ठरवतात. उरलेल्या प्रत्येक पदार्थाची कागदावर प्रामाणिकपणे नोंद करावी. लपवल्यास दंड होतो, सांगितल्यास सहसा पदार्थच तेवढा जातो. पुढे न्यूझीलंडच्या लिटलटनला जाणाऱ्यांनाही असाच अनुभव येईल.

म्हणून शिध्याची यादी करताना मूग-मटकी, अंडी, भोपळे आणि लिंबे किनारा दिसण्यापूर्वी संपतील अशा बेताने भरावीत, आणि राखीव वीस दिवसांचा साठा कारखान्यातील बंद पाकिटे, पोहे, रवा व भाजणी यांचा ठेवावा. घरच्या लोणच्यांपेक्षा छापील वेष्टनातील लोणच्याबद्दल प्रश्न कमी विचारले जातात. सुकी मासळी उरली असेल, तर ती एका वेगळ्या डब्यात, वर नाव लिहून, सहज काढता येईल अशी ठेवावी.

शीडवाला

पर्थवासी, ही माहिती फार मोलाची आहे. राखीव साठा कोणत्या पदार्थांचा असावा, हे मी केवळ टिकण्याच्या दृष्टीने ठरवत होतो. आता यादीत पदार्थ, पुड्यांची संख्या आणि ठेवण्याची जागा यांच्यासोबत ‘कोणत्या आठवड्यात संपवायचा’ असा चौथा रकाना घालतो आणि सुधारलेली यादी इथेच टाकतो. अलिबागकर, खारातल्या गऱ्यांना मिठाचे प्रमाण किती घ्यावे आणि ते प्लास्टिकच्या बरणीत चालतात की चिनी मातीचीच बरणी हवी, एवढे कृपया सांगावे.

अलिबागकर

गरे बुडतील एवढ्या पाण्यात, दर लिटरला दीडशे ते दोनशे ग्रॅम जाडे मीठ. गरे वर तरंगू नयेत म्हणून त्यांच्यावर वजन ठेवावे. चिनी मातीची बरणी घरी उत्तम, पण नौकेवर ती फुटेल, म्हणून अन्नासाठीच बनवलेली, रुंद तोंडाची, जाड प्लास्टिकची बरणी घ्यावी. धातूचे झाकण नको, ते खाराने गंजते. गरे पावसाच्या तोंडावरच घालावे लागतात, तेव्हा सप्टेंबरात निघायचे असेल, तर मे महिन्यातच कच्चे फणस बघून ठेवा.